मुळाशी

“कॅरिस, तुमचे केस अगदी स्वच्छ निघाले,” न्यायाधीश हॉपकिन म्हणाल्या.

“जन्मात पहिल्यांदाच,” शेजारून तिची आई ग्वेनिथ म्हणाली. “शाळेत होती तेव्हा उवांचं गाव वसलं होतं त्यात.”

न्यायाधीशही हसल्या. या खोलीत वकील नसत. एक टेबल, पाण्याचे पेले आणि दर पंधरवड्याला तीच माणसं. कॅरिसचं कोडीनच्या, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन सुटतंय का, हे पाहायला ती जमत. सुटलं, तर तिची चार वर्षांची नेरीस ग्वेनिथआजीकडून आईकडे परत येणार होती. नाही तर कायमची परक्या घरी जाणार होती. निर्णय आज होता.

न्यायाधीशांनी दुसरा अहवाल उचलला आणि त्यांचं हसू ओसरलं. नियमाप्रमाणे मुलीचेही केस तपासले होते. पोटात गेलेल्या औषधाचा अंश केसात उतरतो आणि केस महिन्याला साधारण सेंटिमीटरभर वाढतो. टोकाशी जुने महिने असतात, मुळाशी अलीकडचे. नेरीसच्या केसांच्या टोकाशी कोडीन सापडणार, हे सगळ्यांनी धरलंच होतं. तेव्हा ती आईजवळ होती आणि घरभर गोळ्या पडलेल्या असायच्या. पण ते मुळाशीही होतं. टोकापेक्षा जास्त.

“मायलेकींच्या भेटी माझ्यासमोरच होतात,” समाजसेविका हळूच म्हणाली. “पण एखाद्या वेळी फोन आला, की मी बाहेर जाते.”

सगळे कॅरिसकडे पाहू लागले.

“मी नाही दिलं तिला काही,” ती म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली. पूर्वी खोटं बोलतानाही तिचा आवाज असाच यायचा. आज तो तिचा तिलाच ऐकू आला.

“मग कोणी दिलं?” न्यायाधीशांनी विचारलं.

“अहो, तिला काय धरून बसलात?” ग्वेनिथ वैतागली. “मी देते. माझ्या खोकल्याच्या औषधातलं चमचाभर, रात्री. पोर आईसाठी रडून घर डोक्यावर घेते. दुकानात मिळणारं औषध आहे, विष नाही काही.”

न्यायाधीशांनी अहवाल खाली ठेवला.

“आई,” कॅरिस म्हणाली, “त्यात कोडीन असतं.”

“असेल.” ग्वेनिथने मायेने तिचा हात थोपटला. “तुला तर पाळण्यात होतीस तेव्हापासून देत होते. कधी म्हणून त्रास दिला नाहीस बघ.”