मुंबईवरून की नागपूरवरून

राघोत्तमरावांनी वर्तमानपत्र उघडलं, हवामानाचा रकाना दिसताच त्यावर तळहात ठेवला आणि बाकीचं पान सावकाश वाचून काढलं.

समोर शेवग्याच्या शेंगा मोडत बसलेल्या त्रिपुरसुंदरीबाईंनी ते पाहिलं. बंदरावरच्या एका विमा कचेरीत एकतीस वर्षं जहाजांचे दावे तपासलेला हा माणूस निधनवार्तांच्याही आधी हवामान वाचणारा. बुडालेल्या प्रत्येक जहाजाबद्दल त्याचा एकच प्रश्न असे. कप्तानाला वादळाची वर्दी होती की नव्हती? नसेल तर देवाची करणी, भरपाई मंजूर. असेल तर, "ठाऊक असून गेला, म्हणजे आपण होऊन गेला," असं म्हणून ते फाइलची नाडी आवळत.

दिल्लीत त्यांच्या धाकट्या भावाने, गुरुमूर्तीने, घर बांधलं होतं. शुक्रवारी वास्तुशांत. आणि नेमका आता पुयल आला होता. मद्रासेत वादळाला सगळे पुयलच म्हणत, घरात मराठी बोलणारेसुद्धा. गुडूरपुढे रूळ पाण्याखाली गेले, दिल्लीची ग्रँड ट्रंक एक्सप्रेस रद्द झाली, आणि गुरुमूर्तीची तार आली की विमानाने या. विमान थेट नव्हतं. वाटेत एकदा बदलायचं, मुंबईला नाहीतर नागपूरला.

आणि नागपूरला कनका होती.

त्यांच्या या मुलीने पाच वर्षांपूर्वी तारखात्यातल्या एका नागपूरकराशी, जातीबाहेर, लग्न केलं होतं. त्या दिवशी राघोत्तमरावांनी देवासमोर तुळशीपत्रावर पाणी सोडून शपथ घेतली, आपण होऊन तिचा उंबरा चढणार नाही. शेजारच्या चार घरांनी ती ऐकली, कारण शपथ मोठ्याने घ्यायची असते. तेव्हापासून दिल्लीला जाताना गाडी नागपूरला थांबली की ते खिडकी लावून घेत. कोळसा उडतो म्हणत. गाडी सुटली की उघडत. कोळसा तेव्हाच जास्त उडतो, हे बाई कधी बोलल्या नाहीत. कनकाला आता तीन वर्षांची मुलगी होती. तिची पत्रं बाईंच्या नावाने येत. रावांनी ती कधी मागितली नाहीत.

"मार्ग तूच ठरव," राव पेपरातून मान न उचलता म्हणाले.

लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात बाईंना साधी छत्रीसुद्धा स्वतः निवडायला मिळाली नव्हती.

"मी?"

"वेंकोबाला विचार. पण पुयलाचं मज काही सांगू नको. कुठे अडकेन, कुठे नाही, एक अक्षर नको."

"भीती वाटते का?"

"वाटते," राव म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं.

वेंकोबा बाईंचा धाकटा भाऊ. नुंगंबाक्कमच्या वेधशाळेत नकाशे काढायचा. बाई दुपारी पोळ्यांचा डबा घेऊन तिथे गेल्या. त्याने नकाशा पसरला, उडू नये म्हणून बंगालच्या उपसागरावर डबा ठेवला आणि एकेक पोळी उचलत वादळाची चाल सांगितली. मच्छलीपट्टणला जमिनीवर चढणार, मग वळून थेट विदर्भात जाणार. मुंबईचं आकाश मात्र स्वच्छ.

"अक्का, भावोजींना मुंबईवरूनच धाड. उद्याचं विमान नागपूरला उतरेल, तेवढी उसंत आहे. पण मागोमाग पाऊस येऊन बसेल. दोन दिवस तिथून चिमणी उडायची नाही. वास्तुशांत चुकेल ते एक. आणि भावोजी दोन दिवस नागपुरात, म्हणजे..."

पुढचं त्याने पोळीबरोबर गिळलं.

"उतरताना धोका?" बाईंनी विचारलं.

"उतरायला नाही. निघायला."

"नक्की?"

वेंकोबा दुखावला. वेधशाळेतल्या माणसाला एवढा एक प्रश्न सोडून काहीही विचारावं.

तिथून माउंट रोडला जाताना बसमध्ये बाई शपथेचाच विचार करत होत्या. या माणसाने कधी शब्द मोडलेला त्यांना आठवेना. आता म्हातारपणी तो मोडला असता तर त्यांचं त्यांनाच सोसलं नसतं. आपल्या हातून तरी तसं व्हायला नको, असं बाईंनी ठरवलं, आणि मग त्यांना हलकं वाटलं.

विमान कंपनीच्या कचेरीत रांग होती आणि रांगेत पुयलाखेरीज विषय नव्हता. खिडकीवरच्या कारकुनाने वेंकोबाने सांगितलं तेच सगळं, पोळ्या न खाता, पुन्हा सांगितलं. तिकीट लिहिताना त्याने दोनदा विचारलं, हेच ना, नक्की ना. दोन्ही वेळा बाईंनी मान हलवली.

घरी आल्या तेव्हा राव ट्रंक भरत होते. आजवर त्यांची ट्रंक बाईच भरत आल्या होत्या. त्यांना पाहून रावांनी झाकण लावलं.

"झालं?"

"झालं."

"वेंकोबा काय..." एवढं बोलून राव थांबले.

"सांगत नाही."

"नकोच," राव म्हणाले, आणि काठी घेऊन देवळात निघून गेले.

वास्तुशांतीला नेसायचं जरीचं धोतर कपाटातच राहिलं होतं. पुरुषाने ट्रंक भरली की असंच व्हायचं, असं पुटपुटत बाईंनी ते काढलं आणि ट्रंकेचं झाकण उघडलं. आत जागाच नव्हती. वर दोन सदरे होते. त्यांच्याखाली पंच्यात गुंडाळलेली नारतंगाईच्या, म्हणजे ईडलिंबाच्या, खारट लोणच्याची बरणी होती. गुरुमूर्तीला डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. या घरात ते लोणचं बोटं चाटून खाणारं एकच माणूस होतं, आणि ते आता नागपूरला होतं. बरणीच्या खाली, दुकानाच्या कागदातच, लाल रेशमी परकर होता. बाईंनी तो उलगडून धरला. कंबर वीतभर रुंद, लांबी हातभर.

बाईंनी त्याची पुन्हा तशीच घडी घातली. मग त्यांनी जरीचं धोतर परत कपाटात ठेवलं, आणि नागपूरचं तिकीट परकराच्या घडीत सरकवलं.