पुढे गेलेलं ताट

"चुकलं माझं, सूनबाई. मला क्षमा कर."

चर्चच्या पायरीवर, ऐन येण्याजाण्याच्या वाटेत, सासूबाई हात जोडून उभ्या होत्या. सून खाली वाकून लेकीच्या बुटाचा पट्टा आवळत होती. आवळून झाला, तरी तिने तो सोडला आणि पुन्हा आवळला.

"बघू," ती म्हणाली.

हा दहावा 'बघू'. प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर वाटून खाणं, महिन्याच्या पहिल्या रविवारी असायचं आणि पाळक दर वेळी आधी तेच बजावायचे: कुणाशी वैर असेल तर जाऊन मिटवा, मगच भाकरीला हात लावा. सासूबाई अशा गोष्टी काटेकोर पाळणाऱ्या. 'बघू' ऐकून त्या मुकाट्याने आत यायच्या आणि भाकरीच्या तुकड्यांचं ताट समोर आलं की काही न घेता शेजारणीकडे सरकवायच्या. चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं म्हणे त्या बाईने. आता नऊ महिने उपाशी.

बाळंतपणानंतर सुनेची झोप उडाली होती, उठता-बसता रडू यायचं. तेव्हा याच बाईने कोर्टात उभं राहून सांगितलं होतं, की हिच्या हाती मूल ठेवण्यात अर्थ नाही. चार महिने लेक तिच्यापासून तोडली. त्या चार महिन्यांत पोर पालथी पडायला शिकली, बसायला शिकली; दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या टाळ्यांवर. पुढे सासूबाईंनीच जबाब मागे घेतला, लेखी. घेतला असेल. तेवढं तर करायलाच हवं होतं.

आता सुनेकडे सगळं होतं. लेक होती, लॅबमधली नोकरी होती, दोन खोल्या आणि त्यांची एकुलती एक किल्ली. नवऱ्यापासूनही सुटका झाली होती. रविवारी दुपारपर्यंत लोळली असती, तरी विचारणारं कुणी नव्हतं. "लोक सासूपासून पळतात," लॅबमधली मैत्रीण म्हणायची, "आणि तू सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून तिच्या मागे जाऊन बसतेस!"

खरोखर मागेच बसायची. पुढच्या बाकावर सासूबाई, आणि मागच्या बाकावर ती, जरा डावीकडे सरकून. तिथून त्यांचे हात नीट दिसायचे. मांडीवरच्या लेकीने आजीच्या पदराकडे बोट नेलं, की ती ते अलगद मागे ओढायची.

ताट आलं. पुढच्या बाकावर हातोहात सरकत सासूबाईंपर्यंत पोहोचलं. सून थोडी पुढे झुकली.

सासूबाईंनी ताट डाव्या हातात तोललं, उजव्या हाताने भाकरीचा एक तुकडा उचलला आणि तळहातावर ठेवला. मग ताट पुढे दिलं.

तिला वाटलं, म्हातारीचं भान सुटलं. ती त्यांच्या कानाशी गेली.

"मी माफ केलेलं नाही अजून."

"माहीत आहे."

"मग घेतलीत कशी?"

सासूबाईंनी मान अर्धवट वळवली. "नऊ महिने मी तुझ्या तोंडाकडे बघत होते गं. केलं ते मी केलंच. पुढच्या महिन्यात पुन्हा येईन, पुन्हा मागेन, तू देशील तेव्हा दे. नाही दिलीस तरी तुझा हक्क आहे. पण ही भाकर काही तू वाढत नव्हतीस."

"म्हणजे सुटलात तुम्ही."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

त्या 'हो'मध्ये माज असता, तर बरं झालं असतं. तिने शोधला, सापडला नाही. तो एवढासा तुकडा त्यांच्या हातातून हिसकावून घ्यावा, भर चर्चमध्ये उभं राहून सगळं ओरडून सांगावं, असं तिला इतकं आतून वाटलं, की लेक मांडीवर कुरकुरली. तिचा दंड आईच्या मुठीत आवळला गेला होता.

"अहो, धरा ना," शेजारच्या बाकबाई कुजबुजल्या. सगळ्यांना सरकून बसवण्याची त्यांना भारी हौस, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं होतं. "हात दुखला माझा. घ्या आणि पुढे द्या."

ताट तिच्या हातात आलं. नऊ वेळा तिने यातला तुकडा घेतला होता, आणि सासूबाईंच्या रिकाम्या हातांकडे बघत सावकाश चावून खाल्ला होता. पाळकांचं ते बजावणं आपल्यालाही आहे, हे तिच्या कधी डोक्यातही आलं नव्हतं. आज हात वर होईना. तुकडे समोर होते, कोरडे, पांढरे, एकसारखे कापलेले. कुणी अडवलं नव्हतं.

"तब्येत बरी आहे ना?" बाकबाईंनी विचारलं.

तिने ताट पुढे दिलं.

पाळकांनी प्रार्थना केली आणि सगळ्यांनी एकदम तुकडा तोंडात टाकला. चर्च शांत झालं. त्या शांततेत माणसांच्या चावण्याचा बारीक आवाज येत होता, पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. तिने कोरडा घोट गिळला. सासूबाईंची मान खाली होती, जबडा हळूहळू हलत होता. आपण भाकर घेतली नाही, हे त्यांना दिसायला हवं होतं. त्यांनी एकदा तरी मागे वळावं, म्हणून ती त्यांच्या मानेवर नजर रोखून बसली. त्या वळल्या नाहीत.