दुसरा उंचवटा

मामांनी ताटलीवर चिठ्ठी चिकटवली आणि पेनाने ठसठशीत लिहिलं: दिवस १.

"मामा, ही अंडी आज सकाळचीच ना?" तिने विचारलं.

"तासाभरापूर्वीची. एकदम ताजी."

"मग एक कसा? शून्य ना?"

मामा म्हणजे प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने मदतनीस. ते खो खो हसले. "काहीतरीच काय, ताई! पोर जन्मलं तो त्याचा पहिला दिवस. शून्य द्यायला ते काय नापास झालंय?"

तिला हसू आलं नाही. चार वर्षं ती रातकिड्यांची अंडी सकाळ-संध्याकाळ बर्फावर चिरडत होती आणि बलक पचवणारं एन्झाइम त्यांत किती जोरात काम करतंय ते मोजत होती. शनिवार-रविवारी ती आईकडे जायची, तेव्हाच्या ताटल्यांवर मामा चिठ्ठ्या लावायचे. पुढचे दिवस ती त्या चिठ्ठीवरूनच मोजायची. सोमवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा, म्हणून या शनिवारी पहिल्यांदाच ती इथे थांबली होती. मोजणी कुठून सुरू करायची हे मामांना कधी कोणी सांगितलंच नव्हतं. इतकी साधी गोष्ट कोण सांगत बसतं!

तिने वही ओढली. तिच्या ताटल्यांत एन्झाइम सहाव्या दिवशी सकाळी चढायचं, संध्याकाळी उतरायचं. मामांच्या ताटल्यांत तेच सातव्या दिवशी. मामांचा सातवा म्हणजे तिचा सहावाच की! दोघांचे आकडे तिने एकत्र केले होते आणि म्हणूनच आलेखावर दोन उंचवटे उभे राहिले होते. दुसरा उंचवटा आजवर जगात कोणाला दिसला नव्हता. दिसणार कसा, कपाळ! सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

"चेहरा का उतरला, ताई? माझं काही चुकलं का?"

"नाही, मामा. माझं चुकलं."

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सर तिचे मार्गदर्शक. परिषदेत टाळ्या मिळवलेला तो आलेख त्यांच्या पाठीमागे भिंतीवर लावलेला होता. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. सर चष्मा पुसत राहिले.

"आणखी कोणाला माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही. मामांनाही कळलेलं नाही."

"बरं झालं."

"सर, सोमवारी मी काय सांगू?"

"प्रबंधात लिहिलंयस तेच."

तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. चार वर्षांच्या कष्टांची पदवी हातातोंडाशी आली होती. नको म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं भलतंच. "आणि परीक्षक म्हणाले, पुन्हा करून दाखवा, तर?"

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तर दाखवायचं. अर्ध्या ताटल्या तू लिही. अर्ध्या मामांनाच लिहू दे, नेहमीसारख्या. त्यांना मध्येच काही शिकवायला जाऊ नकोस."

ती बाहेर आली. मामा दारातच उभे होते, हातात ताटल्यांचा ट्रे. शेवटचं तेवढं त्यांच्या कानावर पडलं होतं. त्यांचा चेहरा फुलला होता.

"ऐकलंत ना, ताई? सरांचा किती विश्वास आहे माझ्यावर!"