हिरवी वायर

नवा गीझर जोडून मी स्टुलावरून खाली उतरले, तेव्हा पुंडेकाका बाथरूमच्या दारात उभे होते. त्यांनी मला ओळखलं नव्हतं. आम्ही त्यांचे भाडेकरू होतो तेव्हा मी नऊ वर्षांची होते.

"शॉक बसणार नाही ना, बाई?"

आईनंही त्यांना हेच विचारलं होतं. गीझर चालू असला की नळाला हात लावताच झिणझिण्या येतात, अर्थिंग बघून घ्या, असं सांगायला ती दोनदा त्यांच्या दारात गेली होती. खुर्चीतून न उठता ते म्हणाले होते, "सॉकेटला तीन भोकं आहेत ना? मग अर्थिंग आहे." तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती, हे आम्हाला आई गेल्यावर कळलं.

मी टेस्टर पिशवीत टाकला.

"सॉकेटला तीन भोकं आहेत ना, काका? मग अर्थिंग आहे. मी सुभद्रा गवारेची मुलगी."

त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली आणि ते नळाकडे बघत राहिले.

याला महिना झाला. घरातले सगळे गरम पाण्यानं अंघोळ करतात. काका मात्र गार पाण्याची बादली घेऊन मागच्या मोरीवर बसतात. त्यांच्या सुनेला मी त्याच दिवशी सॉकेट उघडून अर्थिंगची हिरवी वायर दाखवली होती, पण तिच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

त्यांनाही दाखवेन. फक्त त्यांनी माझ्या दारात यायचं. दोनदा.