ढोलावरचा हात

"सात घाव," वर्नेल म्हणाली. "रक्त आल्यानंतर सात. त्यातला एकही कमी व्हायचा नाही."

ढोलापाशी बसलेल्या एव्हरार्ड अंकलनी मान वर केली नाही. ते बोटांनी कातडं चाचपत होते. "रक्त पडलं की ढोल थांबतो, मिस. ढोल थांबला की काठी थांबते. हरलेला मधल्या खड्ड्यापाशी येऊन वाकतो, रक्त खड्ड्यात सांडतो, आणि दोघं आपापल्या घरी जेवायला जातात. आमच्याकडे असंच चालतं."

"तुमच्याकडे चालत असेल. माझ्या नाटकात धाकटा थांबत नाही."

अंकल ढोलाच्या दोऱ्या आवळू लागले. पहिल्या प्रयोगाला दोन तास उरले होते. वर्नेलने तोच होकार समजला.

ती विद्यापीठाच्या नाट्यविभागात शिकवायची. ही गोष्ट तिने त्रिनिदादच्या दक्षिणेकडच्या एका गावातून आणली होती. पन्नास वर्षांपूर्वी तिथे काठीच्या खेळात दोन भाऊ समोरासमोर आले. थोरल्याचं डोकं फुटलं, तरी धाकटा मारतच राहिला. थोरल्याने रिंगणातच जीव सोडला. धाकटा का थांबला नाही? गावातल्या म्हाताऱ्या इथवर सांगायच्या आणि विषय बदलायच्या. वर्नेलने हा प्रश्न वर्गाला घातला. कुणी लिहिलं जमीन, कुणी आईचा पक्षपात, कुणी सगळं रमवर ढकलून मोकळं झालं. ढोलासाठी तिने त्याच भागातून एव्हरार्ड अंकलना शोधून आणलं. त्यांनी एकच अट घातली होती, रिंगणात खड्डा हवा. सुताराने रंगमंचाच्या फळ्या कापून खाली वाळूची पेटी बसवली. दिसायला छान दिसतं म्हणून वर्नेलने ते चालवून घेतलं.

थोरल्याची भूमिका वर्गातल्या अकील आणि डेरन, दोघांनाही हवी होती. तिने ती डेरनला दिली आणि अकीलला धाकटा केलं. तेव्हापासून अकील डेरनशी बोलत नव्हता. एकाच गाडीवर छोले भरलेले डबल्स खायचे, पण पाठीला पाठ लावून. हे वर्नेलला दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते हवंच होतं. राग असा आयता मिळत असताना अभिनय शिकवत कशाला बसायचं? काठ्याही तिने खऱ्या, टणक लाकडाच्या आणवल्या होत्या. तालमीत अकीलचा हात ढिला पडला की ती ओरडायची, "मारतोयस की मच्छर हाकलतोयस? बघ, डेरन हसतोय तुला! आणखी थोडं, अकील! आणखी थोडं!"

"मिस, हा खरंच मारतोय," सुजलेली बोटं दाखवत डेरन एकदा म्हणाला.

"मग तू खरंच अडव."

सगळे हसले. अकील हसला नाही.

चार वाजता पडदा उघडला. हॉल खचाखच भरला होता. शेवटच्या प्रवेशाला ढोल चढत गेला, तशा काठ्या एकमेकींवर कडाडू लागल्या. वर्नेल विंगेत उभी होती. अकीलच्या डोळ्यांत जे यावं म्हणून तिने तीन महिने घसा फोडला होता, ते आज आलं होतं. ते पाहून ती एक पाऊल मागे सरली. नाटक रंगतंय, तिने स्वतःला बजावलं. तेवढ्यात काठी बसली. डेरनच्या डोक्याला बांधलेल्या पांढऱ्या फडक्यावर लाल डाग पसरला. फडक्यातली लाल रंगाची पिशवी वेळेवर फुटली म्हणायची! अकीलने काठी पुन्हा उचलली. सातांतला पहिला घाव.

ढोल थांबला.

अंकलनी दोन्ही पंजे कातड्यावर दाबून धरले होते.

"वाजवा!" वर्नेल विंगेतून फुसफुसली. "अंकल, वाजवा ना!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते अकीलकडे बघत होते. अकीलची काठी वरच राहिली. तीन महिने तो ढोलाच्या ठेक्यावर मारायला शिकला होता, आता ढोल नव्हता आणि हाताला पुढचं सुचेना. आपल्या हातात ही कुणी दिली, अशा नजरेने तो काठीकडे बघत राहिला. मग ती हळूहळू खाली आली. डेरन अडखळत खड्ड्यापाशी गेला आणि वाकला. वाळूवर थेंब पडले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

पडदा पडताच वर्नेल अंकलच्या अंगावर धावून गेली. "शेवट खाल्लात तुम्ही माझ्या नाटकाचा! सात घाव ठरले होते!"

अंकलनी डेरनचं फडकं सोडलं आणि तिच्या हातावर ठेवलं. रंगाची पिशवी डाव्या बाजूला शिवलेली होती. ती तशीच टम्म होती. उजवी बाजू ओली होती, कोमट होती. पलीकडे अकील आपला सदरा डेरनच्या डोक्यावर दाबून धरून रडत होता. "मला थांबताच येत नव्हतं रे," एवढंच तो म्हणत होता.

वर्नेलने ते फडकं उलटून पाहिलं. सातही घाव अजून बाकी होते. ते तिनेच लिहिले होते.

मग तिने विचारलं, "अंकल, त्या दोघा भावांना तुम्ही ओळखत होतात?"

"धाकट्याचा काही दोष नव्हता. ढोल वाजत होता म्हणून तो मारत होता."

"मग ढोल का नाही थांबला?"

अंकलनी हात पँटला पुसले.

"भाऊ दोन नव्हते, मिस. तिघं होतो आम्ही. शेंडेफळ ढोलावर बसलं होतं. रिंगण रंगलं होतं, लोक ओरडत होते, आणि मला वाटलं, आणखी थोडं."