पंधरा किलोचा सराव

साईनाथने सायकलला मागे लहान मुलांची सीट बसवून घेतली आणि चार वर्षांच्या लेकीला, कृतिकाला, हेल्मेट घालून खाली आणलं, तशा त्याच्या आई, हौसाबाई, सायकलला आडव्या आल्या.

"आई, काही होत नाही गं."

"तुझे बाबाही हेच म्हणाले होते आणि तुला डबलसीट टिटवाळ्याला घेऊन गेले. चाकात गेलेल्या पायाचा वण अजून आहे तुझ्या घोट्यावर. आधी हिच्या वजनाचं काहीतरी बसव आणि चालवून दाखव मला."

मग घरातली पंधरा किलो गव्हाची गोणी सीटवर बसली, तिला पट्टा लागला. कृतिकाने आपलं हेल्मेटही तिच्यावर ठेवून पाहिलं. सोसायटीत तीन फेऱ्या झाल्या, पण वळताना गोणी कलते म्हणून हौसाबाईंनी लेकाला नापास केलं. आणखी दोन फेऱ्या ब्रेक हळू दाबायला शिकण्यात गेल्या. तोवर निम्मी बिल्डिंग गॅलरीत येऊन उभी होती.

"आता रस्त्यावर. मानपाड्याच्या नाक्यापर्यंत जाऊन ये, सावकाश."

साईनाथ घामाघूम होऊन परतला. गोणी जागची हलली नव्हती.

"आता तरी बसवू का हिला?"

हौसाबाईंनी पट्टा ओढून पाहिला. "बसव की. छान चालवतोस."

 

"फक्त त्याआधी नाक्यावर अजून एक फेरी मार, आणि या वेळी गिरणीत थांबून तेवढे गहू दळून आण, दोन महिने सांगतेय, तर तुला वेळच मिळत नव्हता."