तीच हाक

क्यूबेकमधल्या जुन्या दफनभूमीत सासूबाईंनी हातमोज्याने दगडावरचा बर्फ झटकला. फ्रान्सहून इथे येऊन वसलेल्या आपल्या पूर्वजांचा माग काढायचा नाद त्यांना उतारवयात लागला होता, आणि गाडी चालवायला म्हणून हेमांगी सोबत यायची.

दगडावर एकाच आईबापांच्या तीन मुलींची नावं होती. तिघींचं नाव एकच, आंजेलिक. सासूबाईंचंही नाव तेच.

"कोरणाऱ्याने घोळ घातलेला दिसतोय," हेमांगी म्हणाली.

"घोळ कसला? आमच्यात पूर्वी मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायचे. घराण्यातलं नाव मातीत जाऊ द्यायचं नाही."

हेमांगीला सातवा लागला होता. गेल्या हिवाळ्यात तिचा लहानगा मुलगा रेमी तापाने गेला. त्याची लोकरी टोपी अजून तिच्या कोटाच्या खिशात असायची. तिने ती घट्ट धरली. कित्येक महिन्यांनी तिला हलकं वाटलं.

"आई, मुलगा झाला तर आम्हीही रेमीच ठेवू. माझा रेमी परत आला असंच म्हणेन मी."

 सासूबाईंनी तिचा हात धरून तिला कुंपणाजवळच्या एका छोट्या दगडापाशी नेलं. त्यावरही आंजेलिकच होतं. वय वर्षं तीन.

"ही माझी थोरली बहीण. मी जन्मायच्या आधीच गेली," त्या म्हणाल्या. "आई हाक मारायची, मी धावत जायचे, आणि ती माझ्या मागे बघत राहायची. मरेपर्यंत."